घरोघरी गाऊन समूहगान जुळवताना: माइक बदलण्याआधी काय पाहावे?

उत्तर भलत्याच दिशेला जाऊ नये म्हणून आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो. आपला चौदा गायक-गायिकांचा गट आहे, गीत साडेचार मिनिटांचे आणि तीन आवाजांत बांधलेले आहे, प्रत्येकाने आपापल्या घरी गाऊन पाठवायचे आणि आपण ते संगणकावर एकत्र करायचे असे ठरले आहे. चाचणीसाठी चौघांचे आवाज आपण एकावर एक ठेवून पाहिले. सुटे ऐकताना प्रत्येक जण सुरात आहे, लयीतही आहे; पण एकत्र वाजवले की शब्द कळत नाहीत आणि सगळे गढूळ होते. म्हणून सर्वांना एकाच प्रकारचे कंडेन्सर माइक (बारीक तपशील टिपणारे, स्टुडिओत वापरतात तसले) घेऊन द्यावेत का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर ‘नाही, निदान आत्ता नाही’ असे आहे. माइकचा दोष असता तर तो सुट्या ट्रॅकमध्येही ऐकू आला असता. सुटे चांगले आणि एकत्र वाईट याचा अर्थ चौघेही चांगले गायले आहेत, पण चौघे चार प्रकारांनी गायले आहेत. एकाने शब्द लवकर सोडला, दुसऱ्याने उशिरा. एक जण माइकला चिकटून गायला, दुसरा खोलीच्या मध्यभागी उभा राहून. एकाच्या मागे रिकामी भिंत, दुसऱ्याच्या मागे पडदा. उत्तम माइक हे सारे फरक अधिक तपशिलाने टिपेल, मिटवणार नाही. त्यामुळे चौदा माइकांचा खर्च करून आपल्या हाती पूर्वीचाच गढूळपणा, जरा अधिक चकचकीत होऊन, येण्याची शक्यता मोठी आहे.

अर्थात काही गोष्टी आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला प्रश्नावरून कळत नाहीत. गीतात एकल गायनाच्या ओळी आहेत की सगळे सतत एकत्र गातात, लय आरंभापासून शेवटपर्यंत ठेक्यात बांधलेली आहे की मुखड्याआधी मुक्त आलाप आहे, बरोबर व्हिडिओही करायचा आहे का आणि मिक्सिंग आपण स्वतः करणार आहात की दुसऱ्या कोणाकडे देणार आहात, यांनुसार तपशील बदलतील. पण पुढे जो क्रम सांगतो आहे तो मी अशा प्रत्येक कामात पाळतो, कारण वरच्या पायऱ्यांवर चुकलेले खालच्या पायऱ्यांवर सुधारत नाही.

सर्वांत वरची पायरी गाईड ट्रॅकची, म्हणजे गायकाने कानात ऐकत ज्याच्या आधाराने गायचे त्या नमुन्याच्या मुद्रणाची. माझ्या मते अशा प्रकल्पाचे निम्मे यश गायकांनी तोंड उघडण्यापूर्वीच ठरलेले असते, आणि नेमके याच कामाला सर्वांत कमी वेळ दिला जातो. बहुतेक गटप्रमुख तयार वाद्यसंगीत पाठवून देतात आणि ‘यावर गा’ असे सांगतात. भरगच्च वाद्यमेळ ऐकताना गायकाला नेमकी मात्रा कुठे पडते ते चाचपडावे लागते. लांब, हळूहळू उमलणारे सिंथचे सूर किंवा व्हायोलिनसारखे आवाज गाईडमध्ये असतील तर स्वराचा आरंभ कोणता हे प्रत्येक जण आपल्या मनाने ठरवतो. म्हणून गाईड मुद्दाम कोरडा करावा: पियानोसारख्या चटकन सुरू होणाऱ्या नादात त्या त्या आवाजाची चाल, बरोबर तबल्याचा साधा ठेका किंवा क्लिक (प्रत्येक मात्रेवर पडणारी टिकटिक), आणि पार्श्वभूमीला तानपुरा. सुरुवातीला दोन आवर्तने मोकळी सोडून त्यांत मात्रा मोजून दाखवाव्यात. तीन आवाज असतील तर गाईडही तीन हवेत. प्रत्येकात आपली चाल ठळक आणि उरलेल्या दोन अगदी मंद. त्यावर एखाद्या जाणत्या गायकाने शब्दांसह गाऊन ठेवले तर फारच उत्तम, कारण इतर जण त्याचे उच्चार आणि श्वास नकळत उचलतात.

मुक्त लयीचा भाग असेल तर तिथे क्लिक कामाचा नाही. अशा वेळी मुख्य गायकाने तो भाग आधी मुद्रित करावा आणि बाकीच्यांनी त्याच्यावर गावे, किंवा संचालकाने हातवारे करून दाखवलेला व्हिडिओ सर्वांना पाठवावा. २०१० साली अमेरिकन संगीतकार एरिक व्हिटॅकर यांनी १२ देशांतील १८५ गायकांचे सुटे व्हिडिओ जोडून समूहगान उभे केले, तेव्हा त्यांनी प्रथम शांततेत, मनातल्या मनात संगीत ऐकत स्वतःचे संचालन चित्रित केले आणि पियानोची साथ त्या संचालनावरून नंतर तयार केली. गायकांकडची साधने घरगुतीच होती. जे समान होते ते समोर दिसणारे हात.

गाईडबाबत आणखी दोन सूचना. पहिली पट्टीविषयी. गाईड घरातल्या जुन्या पेटीवर केला आणि अंतिम साथ कीबोर्डवर होणार असेल, तर दोघांची ‘काळी चार’ एकच असेल असे गृहीत धरू नये. कीबोर्ड सहसा ४४० हर्ट्झच्या प्रमाणावर (मधला ‘ए’ स्वर ४४० हर्ट्झ) लावलेला असतो; पेटी त्याहून थोडी चढी किंवा उतरी असू शकते, आणि तो थोडका फरक चौदा जणांनी इमानेइतबारे गाऊन पाठवल्यावर दुरुस्त करणे जिकिरीचे असते. दुसरी सूचना लयीविषयी. गाईड एकदा सर्वांना पाठवला की त्यात बदल करू नये. मिनिटाला ८८ मात्रांची लय ९० केली तर फरक किरकोळ वाटतो, पण साडेचार मिनिटांचे गीत त्यामुळे ६ सेकंद आधी संपते. म्हणजे आधी गाऊन आलेली सगळी मुद्रणे (टेक) बाद. म्हणून गाईड पाठवण्यापूर्वी तो गटातल्या सर्वांत कच्च्या गायकाकडून गाऊन घ्यावा. पक्क्या गायकाला कसाही गाईड चालतो, त्यामुळे त्याच्या अभिप्रायाचा इथे उपयोग नाही.

आता शब्दांकडे येतो, कारण आपल्या चाचणीत शब्द कळत नाहीत ही मुख्य तक्रार आहे. समजा ओळीच्या शेवटी ‘प्रकाश’ हा शब्द आहे आणि ‘का’ चार मात्रा लांबवायचा आहे. चौघांपैकी एकाने ‘श’ चौथ्या मात्रेच्या मध्यावर म्हटला, दुसऱ्याने चौथी मात्रा पूर्ण संपवून, तिसऱ्याने समेवर आणि चौथ्याने स्वर विरत विरत कुठेतरी. सुटे ऐकताना चारही बरोबर आहेत. एकत्र केले की ओळीच्या शेवटी अर्धा सेकंदभर एक सळसळ ऐकू येते, आणि चौदा जणांची असेल तर तीच मुख्य गोष्ट म्हणून ऐकू येते. यावर उपाय असा की शब्दांच्या कागदावर प्रत्येक लांब स्वराखाली मात्रा लिहाव्यात आणि शेवटचे व्यंजन कोणत्या मात्रेवर पडायचे ते खूण करून दाखवावे. त्यापुढे जाऊन मी स, श, ष यांनी संपणाऱ्या शब्दांसाठी प्रत्येक आवाजातल्या एकाच गायकाला ते व्यंजन स्पष्ट म्हणायला सांगतो. बाकीच्यांनी ते जवळजवळ गिळायचे. ऐकणाऱ्याला एकच नेटका ‘श’ ऐकू येतो. ट, त, क यांनी संपणाऱ्या शब्दांनाही हाच नियम लावावा.

शेवटच्या अकाराचेही असेच आहे. बोलताना आपण ‘मन्’ म्हणतो, गाताना कोणी ‘मन्’ ठेवतो, कोणी ‘मनऽ’ करतो आणि काही जण थेट ‘मना’पर्यंत पोचतात. गटाने यांपैकी काय गायचे ते ठरवून टाकावे. काय ठरले याला फारसे महत्त्व नाही, सर्वांनी तेच गाण्याला आहे. ‘च’ आणि ‘ज’ यांचे दंत्य-तालव्य उच्चारही एकदा मोठ्याने वाचून जुळवून घ्यावेत. आणि हरकती, मुरक्या, मींड एकल ओळींपुरत्या ठेवाव्यात. गळा तयार असलेल्या गायकांना हे सांगणे अवघड जाते हे मला ठाऊक आहे, पण चौदा जणांच्या चौदा हरकती एकमेकींना पुसून टाकतात.

श्वासही वाटून घ्यावा लागतो. घरी एकट्याने गाताना प्रत्येक जण सोयीच्या त्याच जागी श्वास घेतो, आणि एकत्र केल्यावर तिथे मोठा सुस्कारा तर येतोच, वर ओळही तुटते. प्रत्येक आवाजात दोन फळ्या करून त्यांना श्वासाच्या वेगवेगळ्या जागा नेमून दिल्या की आस अखंड राहते. कोणाचा दमसास किती हा प्रश्नही मग आडवा येत नाही.

खोलीचा प्रश्न यानंतर येतो. गाण्याच्या जागी उभे राहून एक जोरदार टाळी वाजवावी. टाळीनंतर झणझणल्यासारखी किंवा घुमल्यासारखी शेपटी ऐकू आली तर ती जागा सोडावी. कपड्यांनी भरलेले उघडे कपाट, गाद्या, जाड पडदे, पुस्तकांनी गच्च भरलेली फडताळे असलेली खोली चांगली; स्नानगृह, जिना आणि रिकामी दिवाणखान्याची खोली वाईट, जरी तिथे स्वतःचा आवाज कानाला फार गोड लागत असला तरी. घुमारा नंतर हवा तेवढा घालता येतो, पण एकदा टिपला गेलेला धडपणे काढता येत नाही, आणि चौदा निरनिराळ्या खोल्यांचे घुमारे एकत्र आले की आपण म्हणता तोच गढूळपणा तयार होतो. जाड रजई टांगायची असेल तर बहुतेक जण ती माइकच्या मागे टांगतात. एका दिशेने ऐकणाऱ्या माइकसाठी ती गायकाच्या पाठीमागे असणे अधिक उपयोगाचे, कारण माइकचे तोंड गायकाकडे असते आणि त्याच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाज तो सरळ ऐकतो. अंड्यांचे पुठ्ठे भिंतीला चिकटवण्याचा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. त्यांच्यात ना पुरेशी जाडी असते ना वजन, त्यामुळे श्रम वाया जातात.

पंखा, वातानुकूलन यंत्र आणि शक्य असल्यास फ्रिज गाण्यापुरते बंद ठेवावेत. एका घरातली घरघर क्षुल्लक वाटते. पण सारख्या पातळीच्या चौदा घरघरी एकत्र आल्या की त्यांची पातळी एकीपेक्षा सुमारे ११ डेसिबलने वाढते. सगळे गात असतात तेव्हा आवाजही त्याच प्रमाणात वाढलेला असल्याने हे जाणवत नाही. मात्र विरामात, किंवा एकच आवाज गात असताना उरलेले ट्रॅक उघडे राहिले तर, ती घरघर उघडी पडते. प्रत्येक विरामात ट्रॅक बंद करून हे झाकता येते, पण मग घरघर येते-जाते हेच ऐकू येऊ लागते.

माइकपासूनचे अंतर सर्वांचे एक असावे. मोजपट्टी कोणी शोधत बसत नाही, म्हणून मी वितीचे माप देतो: एका दिशेने ऐकणारा माइक असेल तर तोंडापासून एक वीत, फोन असेल तर दोन ते अडीच वीत. अंतर दुप्पट झाले की थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने कमी होतो, खोलीचा घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. त्यामुळे दूर उभा राहिलेला गायक मिश्रणात मागच्या खोलीत असल्यासारखा वाटतो आणि त्याचा आवाज नुसता वाढवून तो पुढे येत नाही. फार जवळ गेले तर एका दिशेने ऐकणाऱ्या माइकमध्ये खर्ज फुगतो आणि प, फ, ब, भ यांचे फटकारे बसतात. माइक किंचित बाजूला ठेवून त्याच्या शेजारून गायले की हे फटकारे पुष्कळ कमी होतात. फोन हातात धरू नये आणि उघड्या टेबलावर आडवाही ठेवू नये. टेबलावरून परतणारा आवाज मूळ आवाजात मिसळून तो पोकळ करतो. तोंडाच्या उंचीवर काहीतरी आधार देऊन उभा ठेवावा. पातळी दिसत असेल तर सर्वांत मोठ्या जागी ती उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान (शून्याला आवाज फाटतो) राहील असा गेन, म्हणजे मुद्रणाचा आवाज वाढवण्याचे प्रमाण, ठेवावा. हळू मुद्रित झालेले वाढवता येते; वर आपटून फाटलेला स्वर पूर्ववत होत नाही. म्हणून आधी गीतातली सर्वांत तार जागा गाऊन पाहावी आणि मग सुरुवात करावी.

हेडफोनशिवाय गाऊ नये, हे आपल्या गटात सर्वांना माहीत असेलच. दोन्ही कान बंद करून गाईड मोठ्याने लावला की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि सूर ढळतो, म्हणून एक कान अर्धा उघडा ठेवावा आणि गाईड लागेल तेवढाच मोठा ठेवावा. हेडफोन शक्यतो वायरचा असावा. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये आवाज उशिरा पोचतो हे खरे, पण गाईड एका उपकरणावर ऐकून गायन दुसऱ्यावर मुद्रित केले तर तो उशीर सबंध ट्रॅकला जवळपास सारखा असतो आणि ट्रॅक सरकवून जुळवता येतो. खरी अडचण दुसरी आहे: त्याच फोनवर मुद्रण केले तर फोन हेडफोनमधलाच छोटा माइक निवडण्याचा संभव असतो आणि तसे झाले की आवाज दूरध्वनीवरल्या संभाषणाच्या दर्जाचा होतो. हे बरेचदा सगळे टेक आल्यावरच लक्षात येते.

ट्रॅक जुळवण्यासाठी आरंभी टाळी वाजवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. माणसाची टाळी मात्रेच्या थोडी मागेपुढे पडते, त्यामुळे मी ती वापरत नाही. त्याऐवजी गायकाला असे सांगावे: मुद्रण सुरू करा, हेडफोनची एक वाटी माइकजवळ धरा, गाईड सुरू करा, मोजणीचे पहिले आवर्तन माइकला ऐकवा आणि दुसऱ्या आवर्तनात हेडफोन घालून गायला तयार व्हा. क्लिकचे टोकदार ठसे ट्रॅकवर उमटतात आणि संगणकावर ते गाईडच्या क्लिकवर नेमके बसवता येतात. वाटीतून बाहेर पडणारा क्लिक तोच आहे जो गायकाला ऐकू येणार आहे, त्यामुळे ब्लूटूथचा उशीरही आपोआप हिशेबात येतो. गीत संपल्यावरही दोन क्लिक ठेवून तेच करायला सांगितले, तर ट्रॅक मध्येच सरकत गेला आहे का तेही कळते. दोन उपकरणांच्या घड्याळांत दहा लाखांत पन्नास इतका फरक असला तरी साडेचार मिनिटांत तो १३-१४ मिलिसेकंद होतो, म्हणजे चिंतेचे कारण नाही. त्याहून बराच अधिक फरक दिसला तर गोष्ट वेगळी. असा सरकलेपणा मला मुख्यतः फोनच्या व्हिडिओंत आढळतो. म्हणून व्हिडिओ करायचाच असेल तर शक्य तिथे आवाज वेगळा मुद्रित करावा.

फोनच्या बाबतीत गोंगाट काढून टाकणारी सुविधा बंद आहे ना, हे प्रत्येकाकडून तपासून घ्यावे. ही सुविधा बोलण्यासाठी बनवलेली असते. लांब धरलेला स्थिर स्वर तिला पंख्यासारखाच वाटतो आणि ती तो दाबू लागते. याच कारणाने व्हिडिओ कॉलवर केलेले मुद्रण घेऊ नये. सर्वांनी ४८ किलोहर्ट्झच्या सॅम्पल रेटवर (सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने), वेव्ह (WAV) स्वरूपात मुद्रण करावे. फोनमध्ये तशी सोय नसेल तर उपलब्ध असलेला सर्वोच्च दर्जा निवडावा. कोणी ४४.१ वर पाठवले तर संगणकावरची बहुतेक सॉफ्टवेअर ते बदलून घेतात, पण ४८ ची फाइल चुकून ४४.१ म्हणून वाजली तर गाणे मंदावते आणि सुमारे दीड पट्टी खाली उतरते. एखादा गायक सबंध गीतभर नेटाने खालच्या पट्टीत गायलेला आढळला, तर त्याला फोन करण्यापूर्वी हे पाहावे. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

मिक्सिंगबद्दल थोडकेच सांगतो. ट्रॅक जुळवून झाल्यावर सगळ्यांचा घोगरा तळ, साधारण ८० ते १०० हर्ट्झच्या खालचा, कापून टाकावा. अगदी खर्जातले पुरुष आवाज असतील तर थोडे जपून. प्रत्येकाला स्वतंत्र घुमारा देऊ नये. सर्वांना मिळून एकच द्यावा, म्हणजे ते एका खोलीत येतात. मिलिसेकंद मोजत प्रत्येक अक्षर सरळ रेषेत आणण्याचा मोह टाळावा. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे मंचावर पाच-सहा मीटर अंतरावर उभ्या असलेल्या दोघांत श्रोत्याच्या जागेवरून तसाही १५ मिलिसेकंदांच्या आसपास फरक पडू शकतो आणि कानाला तो समूहाचा भाग वाटतो. सुरांची यांत्रिक दुरुस्तीही स्पष्ट ढळलेल्या स्वरांपुरतीच करावी. सगळेच आवाज यंत्रातून काढले की समूहाऐवजी एकाच जाड आवाजाचा भास होतो.

आपण आता पुन्हा सगळे गीत मागवू नये. त्याच चौघांना फक्त ध्रुवपद द्या, नव्या गाईडवर, मात्रा लिहिलेल्या कागदावरून, दोन ते अडीच वितींच्या अंतरावरून आणि पाठीमागे रजई टांगून, त्यांच्या सध्याच्या फोनवरच गायला सांगा. दोन्ही चाचण्या शेजारी ठेवून ऐका. शब्द मोकळे झाले असतील तर उरलेल्या दहा जणांना तोच संच पाठवा, आणि एकल ओळी गाणाऱ्यांपुरता एखादा माइक आळीपाळीने वापरायला घ्या. तिथे त्याचा फरक खरोखर ऐकू येतो. शब्द तरीही कळत नसतील तर चौघांचे सुटे ट्रॅक दोन-दोनच्या जोड्यांनी वाजवून पाहा. गढूळपणा सहसा एखाद्या विशिष्ट जोडीतच सापडतो आणि मग तो उच्चाराचा आहे की खोलीचा, हे त्या दोघांशी बोलून ठरवता येते.